भाचीची बुटकी गाडी आणि कॅनडाचा बर्फ

मी कॅनडाहून परत आले तेव्हापासून आमच्या वसाहतीतील भगिनी एकच प्रश्न विचारतात, “ताई, बर्फ कसा असतो हो?” त्यांना काय सांगावे? बर्फ फोटोत पाहून कळत नाही. तो पायाखाली आला की थोडा कळतो आणि चाकाखाली आला की पुरता कळतो. मला तो चाकाखालीच कळला, म्हणून हा लेखप्रपंच.

माझ्या थोरल्या दादाची मुलगी कॅनडात ओंटारिओ प्रांतात किचनर या गावी राहते. नाव ऐकून स्वयंपाकघर आठवते, पण ते लॉर्ड किचनरचे नाव आहे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानात सरसेनापती होता तोच हा किचनर. गावाचे मूळ नाव बर्लिन. महायुद्धात जर्मन नाव नकोसे झाले आणि १९१६ साली ते बदलले. भाची तिथे कॉलेज शिकायला गेली आणि आता एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी करते. वय एकोणतीस.

दादा एसटीत ड्रायव्हर होता. एकतीस वर्षे त्याने कराड-चिपळूण पट्ट्यात, कुंभार्ली घाटात गाडी चालवली. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्याला मिळालेला आहे. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. घरी शोकेसमध्ये भाचीच्या पदवीच्या फोटोशेजारी तो बिल्ला ठेवलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनी तो दाखवते. या बिल्ल्याची गोष्ट पुढे यायची आहे.

भाचीने २०२३ च्या उन्हाळ्यात जुनी गाडी घेतली. जुनी घेतली ते ठीकच, पण घेतली कुठली? माझ्दा कंपनीची एमएक्स-५. तिकडे तिला मिआटा म्हणतात. दोनच माणसांची, वरचे कापडी छप्पर मागे दुमडता येणारी, लाल रंगाची, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स गाडी! १९८९ साली ही गाडी पहिल्यांदा बाजारात आली आणि २०१६ पर्यंत दहा लाखांवर बनल्या म्हणे. म्हणजे जगात दहा लाख माणसांना सासू-सासरे, पोरेबाळे, पाहुणेरावळे काहीच नाहीत असे समजायचे का? मी भाचीला फोनवर हेच विचारले होते. ती नुसती हसली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिने एका तळ्याकाठी गाडीपाशी उभे राहून काढलेला फोटो पाठवला. वहिनीने पोरगी वाळली का ते पाहिले. मी कपडे पाहिले. दादाने मात्र फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा वर-खाली केला आणि मला बाजूला बोलावून हळूच म्हणाला, “हिच्या गाडीचा म्होरला बंपर बदललाय. लाल लाल येगळा हाय.”

मला दोन्ही लाल सारखेच दिसले. पण एकतीस वर्षे डेपोत गाड्यांचे पत्रे पाहिलेला माणूस तो. म्हणाला, “कुठंतरी ठोकलीया. मला सांगायची न्हाई ती. तू जाणारच हायस तर तू इचार. आन् ती गाडी इकायला लाव.”

माझे जायचे आधीच ठरत होते. कार्यालयात रजा साठली होती, तिकिटाचे अर्धे पैसे भाची देणार होती, अर्धे मी पतपेढीतून उचलले. वाचकांपैकी ज्यांनी व्हिसाचे अर्ज भरले असतील त्यांना पुढचे सांगायला नको. वस्तीतल्या लोकांचे रेशनकार्डापासून जातपडताळणीपर्यंतचे अर्ज मी वर्षानुवर्षे भरून देते, पण स्वतःचा अर्ज भरताना माझाच हात थरथरला. शेवटी २०२५ च्या जानेवारी अखेरीस मी टोरोंटोच्या विमानतळावर उतरले.

भाची न्यायला आली होती, सोबत मैत्रीण आणि मैत्रिणीची मोठी गाडी. कारण माझी बॅग भाचीच्या गाडीच्या डिकीत मावणे शक्यच नव्हते. बॅग थाटात मोठ्या गाडीतून गेली आणि मी त्या बुटकीत बसले. बसले म्हणजे काय, आधी वाकले, मग पाठ आत टाकली, मग एकेक पाय उचलून आत घेतला. शेजारून ट्रक गेला तेव्हा त्याच्या चाकाचा मधला भाग माझ्या डोळ्यांसमोर होता. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता मी दाराची मूठ धरून काढला. त्या दिवशी रस्ता कोरडा होता, दोन्ही बाजूंना तेवढा मळकट बर्फ साचला होता. किचनर जवळ आले तसे एका वळणावर भाची गप्प झाली. हमरस्ता सोडून गावात उतरणारा तो गोल उताराचा रस्ता होता. तिने वेग इतका कमी केला की मागच्याने हॉर्न दिला. मला तेव्हा काही बोलावेसे वाटले नाही.

दोन दिवसांनी रात्री भाकरी थापताना (हो, पीठ मी नेले होते) मी सरळच विचारले, “बंपर कधी बदललास?”

तिने आधी मान खाली घातली आणि मग सगळे सांगितले. २०२३ चा डिसेंबर, पहिलाच खरा बर्फ, कामावरून परत येत होती. त्याच वळणावर तिला वाटले की वेग जास्त झाला. घाबरून तिने पाय एकदम उचलला आणि ब्रेक दाबला. क्षणात गाडीची मागची बाजू पुढे यायला निघाली. गाडी गर्रकन उलटी फिरली, नाक कठड्याजवळच्या बर्फाच्या ढिगात घुसले, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तिला बाजूच्या काचेतून दिसू लागले. मागून येणारा एक ट्रकवाला लांबूनच सावध झाला, दिवे लुकलुकवत आडवा थांबला, म्हणून ती वाचली. अंगावर ओरखडाही नव्हता. पण त्यानंतर उरलेला सगळा हिवाळा ती बसने कामावर गेली आणि घरी मात्र “गाडी मस्त आहे पप्पा” असेच सांगत राहिली.

“का नाही सांगितलंस?”

“पप्पांना काय सांगणार? एकतीस वर्षांत त्यांनी एक अपघात केला नाही. आणि मी चार महिन्यांत गाडी उलटी फिरवली.”

मी म्हणाले, “मग विकून टाक. काय अडलंय या खेळण्यावाचून?” त्यावर ती जे बोलली ते मला अजून तसेच आठवते. म्हणाली, “आत्या, लहानपणी सुट्टीत पप्पा मला त्यांच्या गाडीत न्यायचे. मी त्यांच्या शेजारी त्या इंजिनाच्या झाकणावर बसायचे, खालून ऊब यायची. घाटात ते गिअर टाकायचे तेव्हा सगळी गाडी अंगातून जायची. मला तसली गाडी पाहिजे होती. नुसती पोचवणारी नको होती.” मी भाकरी उलटायची विसरले आणि ती करपली.

आता वाचकांना प्रश्न पडेल की गाडी मागून का फिरली. मी वाणिज्य शाखेची, यंत्रातले मला शून्य कळते, पण महिनाभर दोन जाणत्यांच्या मध्ये बसून जे कळले ते सांगते.

आपली एसटी, ट्रक, रिक्षा, पूर्वीची अँबेसडर, काळीपिवळी फियाट या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. पुढची चाके नुसती वळवतात आणि मागची ढकलतात. मारुती आठशेपासून आपल्याकडे ज्या लहान गाड्या आल्या त्यांतल्या बहुतेकांना पुढची चाके ओढतात. इंजिनाचे वजन त्याच चाकांवर असते, त्यामुळे निसरड्यात त्या धरून राहतात. मागच्या चाकांच्या गाडीला बर्फात रेस जास्त दिली तर मागची चाके जागीच गरगरतात आणि बूड एका अंगाला सरकते. वळणावर एकदम पाय उचलून ब्रेक मारला तर गाडीचे वजन पुढे झुकते, मागे हलके होते, आणि हलके झालेले बूड आधी सुटते. भाचीचे हेच झाले. हल्लीच्या गाड्यांत अशा वेळी एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा असते. कॅनडात सप्टेंबर २०११ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. भाचीची गाडी २०१० ची. तिला ती नव्हती.

पण खरे कारण त्याहून साधे होते. टायर! गाडी विकणाऱ्याने सांगितले होते की टायर नवीन आहेत. ते नवीन होतेही, पण उन्हाळ्याचे होते. तो माणूस हिवाळाभर गाडी झाकून ठेवायचा, त्याला काय फरक पडत होता! आपल्याकडे टायर म्हणजे टायर. तिकडे तापमान सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळ्याच्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. किचनर ज्या भागात आहे तिथे सक्ती नाही, पण २०१६ पासून ओंटारिओत असे टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत दिलीच पाहिजे असा नियम आहे. विमा कंपनीत बसून हिशेब लिहिणाऱ्या पोरीला ही सवलत माहीत होती, पण स्वतःच्या गाडीखाली वाकून तिने पाहिले नव्हते. आम्हा कारकून मंडळींचे असेच असते.

अपघातानंतरच्या हिवाळ्याला, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात तिने चार हिवाळी टायर वेगळ्या लोखंडी रिमांसह घेतले. अकराशे डॉलर गेले. चारही घ्यावे लागतात. ढकलणाऱ्या दोनच चाकांना घातले तर गाडी सुटते सुरळीत, पण वळायला आणि थांबायला पुढची दोन साथ देत नाहीत. टायर आले, पण भीती गेली नाही. घर ते कार्यालय एवढे सहा किलोमीटर ती जाई, तेही मुठी आवळून.

दादाचे सल्ले रोज चालू होते. तिकडे रात्रीचे आठ वाजले की आपल्याकडे सकाळचे साडेसहा. चहा पीत तो फोनवर सांगे. “पयल्या गिअरला उठवू नगंस, दुसऱ्याला उठव. रेस अशी दे की पायाखाली अंडं हाय.” हे बरोबर निघाले. “घसरली की जिकडं बूड चाललंय तिकडंच स्टिअरिंग कर.” हेही बरोबर. “उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडू नगंस, मागली चाकं धरत्यात.” तेही बरोबर. मग म्हणाला, “डिकीत वाळूची दोन पोती टाक. रिकामी गाडी जास्त घसरती. मुक्कामी गाडीला रातचं चार-पाच पाशिंजर असलं तर मी त्यास्नी मागं बसवायचो.” आणि “ब्रेक पंप करत मार, एकदम दाबू नगंस.” हे दोन सल्ले मात्र पुढे तपासावे लागले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी भाचीने बर्फात गाडी चालवण्याच्या वर्गाला नाव घातले. मोकळे पार्किंगचे पटांगण पाहून आपले आपण शिकावे असे मला वाटले होते, पण ओंटारिओत तशी गाडी गरगर फिरवणे गुन्ह्यात मोडते. म्हणून हा वर्ग, बंदिस्त मैदानावर, फी भरून. सकाळी साडेआठची वेळ, उणे चौदा अंश थंडी. मी दोन स्वेटर, भाचीचा जाड कोट, कानटोपी असा अवतार करून कुंपणापाशी उभी राहिले आणि हातात फोन धरून दादाला व्हिडिओवर दाखवू लागले. कराडला संध्याकाळचे सात वाजले होते.

शिकवणारा साठीचा गृहस्थ होता. त्याने आधी सगळ्यांना सरळ रेषेत गाडी न्यायला लावून जोरात ब्रेक दाबायला सांगितले. भाचीने पाय दाबला तशी गाडीतून खडखड आवाज आला आणि गाडी सरळच थांबली. हल्लीचे ब्रेक चाक जाम होऊ देत नाहीत, तेच यंत्र सेकंदात कितीदा तरी सोडते आणि धरते. म्हणून पंप करायचा नाही, पाय दाबूनच धरायचा आणि पायाला थरथर लागली तरी सोडायचा नाही. दादा फोनवर म्हणाला, “आमच्या गाडीला हे नव्हतं.” वाळूच्या पोत्यांचे विचारले तर शिक्षक म्हणाला, रिकाम्या हौद्याच्या मालवाहू गाडीला ठीक. या गाडीचे जवळजवळ निम्मे वजन आधीच मागच्या चाकांवर आहे, त्यामुळे फायदा थोडा. आणि नीट न बांधलेले पोते धडकेत पाठीमागून आदळते ते वेगळेच.

मग वळण. मैदानावर गोल आखला होता, खाली घट्ट दाबलेला बर्फ. पहिल्या फेरीला बूड सरकले आणि भाचीने पुन्हा तीच चूक केली. पाय उचलला, ब्रेक दाबला, गाडी फिरून उलटी झाली. इथे आपटायला काही नव्हते. शिक्षक खिडकीपाशी गेला आणि काहीतरी सांगू लागला. तिने नंतर मला सांगितले ते असे: तू कठड्याकडे बघतेस. इथे कठडा नाही तरी तू त्याच्याकडेच बघतेस. जायचे आहे तिथे बघ, हात आपोआप तिकडे वळतील. दुसऱ्या फेरीला ती पुन्हा फिरली. तिसऱ्या फेरीला बूड सरकले, तिने पाय हळूच सैल केला, मान वळणाच्या शेवटाकडे ठेवली, स्टिअरिंग थोडे उलटे गेले आणि परत सरळ आले. गाडी एकदा डोलली आणि मार्गी लागली. मी कुंपणापाशी टाळ्या वाजवायला गेले आणि पाहते तो फोन काळा!

थंडीत फोनची बॅटरी बसते हे मला कोणी सांगितले नव्हते. भाचीचा फोन गाडीत. मी फोन कोटाच्या आत काखेत धरून चोळत बसले. पाऊण तासाने तो सुरू झाला, तेव्हा दादाचे अकरा फोन येऊन गेले होते. शेवटचे दृश्य त्याने काय पाहिले असेल? पोरगी दुसऱ्यांदा उलटी फिरली, आणि अंधार. तेवढ्यात भाची हसत माझ्यापाशी आली आणि बारावा फोन तिनेच घेतला.

“काय झालं गं? परत मागल्यावानी ठोकलीस का काय?” दादा ओरडलाच.

भाचीचा चेहरा उतरला. “मागल्यासारखं म्हणजे?” तिने आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी तोवर दादाला एक शब्दही सांगितला नव्हता, पण तिला ते कसे पटावे? पलीकडे दादाही गप्प. शेवटी तोच म्हणाला, “बंपर बघितला मी फोटोत. दोन लाल जुळत न्हाईत.”

गाडीत हीटर लावून बसल्यावर तिने बापाला सगळे सांगितले. वळण, कठडा, ट्रकवाला, उन्हाळ्याचे टायर, वर्षभराचे खोटे. मला वाटले दादा आता भडकेल. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तुझी आई आत हाय, म्हणून हळू बोलतो.” आणि त्याने जे सांगितले ते मी त्याची सख्खी बहीण असून पहिल्यांदा ऐकत होते.

२००६ चा पावसाळा. मुक्कामी गाडी, रात्रीची वेळ, कुंभार्ली घाट. गाडीत पाच प्रवासी. त्या दिवशी त्याने त्यांना मागे बसवले नव्हते, पुढेच बसू दिले, गप्पा चालू होत्या. वळणावर वरून माती वाहून आली होती. दादाचा पाय ब्रेकवर गेला आणि रिकामी शेपूट सुटली. मागचा कोपरा कठड्याला घासून गाडी थांबली. कठड्यापलीकडे काय आहे ते दिवसा पाहिलेल्यांनाच ठाऊक. प्रवाशांना फार काही कळले नाही, एक म्हातारी जागी होऊन “आलं का गाव?” म्हणाली. पहाटे दादाने आणि कंडक्टरने मिळून पत्रा ठोकून सरळ केला आणि डेपोत दरड-दगड लागला असे सांगितले. “लोकं बिल्ला बघत्यात,” दादा म्हणाला, “मला त्यात त्यो कठडा दिसतो. त्या दिवसापास्नं मी मुक्कामी गाडीत पाशिंजर मागं बसवाय लागलो.”

हे छापू का असे मी त्याला परत आल्यावर विचारले. म्हणाला, “लिही. आता कोण पेन्शन कापतंय? नाव तेवढं घालू नगंस.” म्हणून या लेखात कोणाचेच नाव नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर दक्षिण ओंटारिओत आठवड्याभरात दोन हिमवादळे आली. सकाळी खिडकीतून पाहिले तर गाडीच्या जागी पांढरा उंचवटा. हिवाळी टायर, शिकलेली भाची, सगळे होते, पण अशा बर्फात बुटकी गाडी पोटावर बसते आणि चाके नुसती हवेत फिरतात. तिथे कोणतेच कसब चालत नाही. भाचीने मऊ झाडूने छपरावरचा बर्फ लोटला, गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचे तोंड मोकळे केले (ते बर्फाने बुजलेले असले आणि इंजिन चालू केले तर विषारी वायू गाडीत शिरतो, माणसे दगावतात), पाच मिनिटे इंजिन चालवले आणि बंद करून बसच्या थांब्याकडे चालू लागली. आदल्या हिवाळ्यात ती बसने जाई ती भीतीपोटी. आता तिने खाली वाकून बर्फाची उंची पाहिली, गाडीचे पोट पाहिले आणि ठरवले. चार-पाच दिवस गाडी जागची हलली नाही.

रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या मी त्याच दिवसांत पाहिल्या, निळे दिवे लुकलुकवत जाणाऱ्या, पुढे हे एवढे मोठे फावडे. त्यांच्या मागे गपगुमान जायचे असते. मीठ बर्फ वितळवते, पण उणे दहा-बारा अंशांखाली त्याचा जोर फारसा चालत नाही. आणि मला उलटे वाटायचे, पण कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा. त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, रस्ता ओला दिसतो एवढेच. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो.

माझ्या परतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही शेजारच्या गावी एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. येताना बर्फ पडू लागला, बारीक, पिठासारखा. हमरस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी दोन काळ्या रेघा राहिल्या होत्या, त्यांतून आम्ही आलो. आणि ते वळण आले. पाटी दिसताच भाचीने सरळ रस्त्यावर असतानाच वेग उतरवला, गिअर खाली घेतला, क्लच इतका हळू सोडला की मला कळलेही नाही. वळणात शिरल्यावर ब्रेकला तिचा पाय लागला नाही. मध्यावर मला कमरेखाली काहीतरी सरकल्यासारखे झाले. घाटात एसटीच्या शेवटच्या बाकावर बसल्यावर वाटते ना, तसे. मी दाराची मूठ धरली. भाचीने पाय जरासा सैल केला, हात बोटभर हलला. ती कठड्याकडे पाहत नव्हती. तिची मान पार पलीकडे, जिथे सिग्नलचा दिवा दिसत होता तिथे वळलेली होती. गाडी सरळ झाली. सिग्नलला थांबल्यावर तिने श्वास सोडला आणि म्हणाली, “आत्या, मूठ सोड आता, तुटेल.”

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. आपल्याकडचे साडेसात. दादाचा फोन आलाच. मी त्याला वळणाचे सांगू लागले तर त्याने अर्ध्यावर तोडले. गाडी विकायचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. म्हणाला, “पोरीला दे.” आणि तिला विचारले, “हवा कधी बघितलीस?”

“मागच्या महिन्यात, पप्पा.”

“आन् थंडी किती वाढलीया तवापास्नं?”

थंडीने टायरमधली हवा आकसते. सहा-एक अंश उतरले की साधारण एक पौंड हवा कमी भरते. हे दादाला कोणी सांगितले देव जाणे, बहुधा डेपोतल्या टायरवाल्याने. भाचीने पुन्हा कोट चढवला, बूट घातले, हवा मोजायचा काटा आणि बॅटरी घेतली. मी फोन या खेपेला कोटाच्या आत धरला आणि तिच्या मागे खाली गेले. बाहेर बर्फ पडतच होता. ती एकेका चाकापाशी गुडघ्यांवर बसून काटा लावत होती आणि मोठ्याने आकडा सांगत होती.

“मागचं डावं सव्वीस.”

“किती पायजे?” दादाचा आवाज कोटातून आला.

“एकोणतीस.”

“मग भर. मी थांबतो.”